कोल्हापूरला पंखेवालं, दुबईला दुमजली: कुठल्या रूटला किती मोठं विमान, हे ठरवतं कोण?

उजळाईवाडीकर

नमस्कार मंडळी. शिरोलीत माझा कास्टिंगच्या मशिनिंगचा छोटा कारखाना आहे. हैदराबादला मोठं गिऱ्हाईक, त्यामुळं कोल्हापूर-हैदराबाद येणंजाणं सारखं चालू असतंय. विमान कायम तेच. एटीआर, पंखेवालं, मागच्या दारानं चढायचं. बहुतेक वेळा भरलेलं. आयत्या वेळी तिकीट बघायला गेलं की डोळे पांढरे होतात. एवढी माणसं जातात, एवढे पैसे मोजतात, मग मोठं विमान लावायला काय होतंय?

दुसरी गोष्ट. मेहुणा परवा मुंबईहून दुबईला गेला. तीन-साडेतीन तासांचा प्रवास, आणि विमान दुमजली ए३८०. त्याच मुंबईहून माझा भाचा लंडनला गेला, नऊ-दहा तास लागतात, आणि त्याचं विमान मेहुण्याच्या विमानाच्या निम्म्या सीटचं. म्हणजे अंतराचा काही संबंधच नाही का? मला वाटायचं लांब जायचं तर मोठं, जवळ जायचं तर छोटं.

आणि पुणे-दिल्ली घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत १८०-२३० सीटची विमानं एकामागून एक. त्यापेक्षा ४०० सीटचं एक सकाळी, एक संध्याकाळी लावलं तर पायलट कमी, इंधन कमी. आमच्याकडं वडापची जीप पण भरल्याशिवाय निघत नाही. कंपन्यांना एवढं कळत नसेल असं नाही, मग गणित काय आहे ते कुणीतरी जाणकारानं सांगा.

नळस्टॉप

सोपं आहे. जिथे गर्दी जास्त तिथे मोठं, कमी तिथे छोटं. कोल्हापूरची गर्दी ७८ सीटपुरतीच असेल. दुबईला निम्मा देश जातो.

ट्रिमशीट

नळस्टॉप, "सोपं आहे" वाचलं आणि चहा बाजूला ठेवून टाइप करायला बसले. हलकं घ्या.

थोडी ओळख. माझी नोकरी लोड कंट्रोलला सुरू झाली, म्हणजे माणसं, बॅगा, कार्गो आणि इंधन यांचं वजन कुठे किती ते मांडून लोडशीट काढायची. पुढची सगळी वर्षं शेड्यूल प्लॅनिंगला गेली. आता निवृत्त आहे, पार्ल्यात राहते. कंपनीचं नाव विचारू नका. खिडकीची सीट फुकट कशी मिळवायची तेही विचारू नका, ते प्रत्येक लग्नात विचारून झालंय.

उजळाईवाडीकर, तुम्ही धरून चाललाय की कुणीतरी रूट समोर ठेवतं आणि त्याला साजेसं विमान शोधतं. असं होतं ते विमानांची ऑर्डर देताना, हातात यायच्या कितीतरी वर्षं आधी. रोजच्या कामात गाडी उलटी चालते. आपल्याकडे अमुक विमानं आहेत, त्यातली बहुतेक एकाच मापाची, आणि त्यांना पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत हवेत ठेवायचंय. विमान रूटला दिलेलं नसतं, दिवसाला दिलेलं असतं.

उदाहरण घ्या. समजा २३२ सीटचं एक ए३२१ रात्री मुंबईला मुक्कामाला आहे. पहाटे ते दिल्लीला जातं, भरून. साडेदहा-अकराला दिल्लीहून परत, तेही भरून. संध्याकाळी सातला त्याला पुन्हा दिल्लीच करायचीय, कारण त्या वेळेला दिल्लीचं तिकीट सगळ्यात महाग विकतं. मधल्या सात-आठ तासांचं काय? दुपारी एकला नागपूरला २३२ माणसं मिळत नाहीत, हे आमच्या टेबलावरच्या शिकाऊ पोरालाही माहीत असायचं. तरी त्याला नागपूरला धाडायचं. विमानाचा भाड्याचा हप्ता ते उभं असो की उडत असो, चालूच असतो. त्या फेरीत इंधन, लँडिंग आणि बाकी किरकोळ खर्च सुटून वर काही उरलं तरी बेहत्तर. नागपूरचा माणूस म्हणतो, वा, आमच्यासाठी मोठं विमान आलं. ते त्याच्यासाठी आलेलंच नसतं.

आता तुमचं पंखेवालं. पुढचे आकडे खरे नाहीत, फक्त गणितापुरते. समजा एका फेरीला ७८ सीटच्या एटीआरचा खर्च ३ लाख आणि १८६ सीटच्या ए३२० चा साडेसहा लाख. दर सीटला एटीआर ३,८४६ ला पडलं, ए३२० साधारण ३,४९५ ला. मोठं स्वस्त! पण रिकामी सीट कुणी विकत घेत नाही. सत्तर माणसं असतील तर एटीआरमध्ये माणशी ४,२८६ पडतात आणि ए३२० मध्ये ९,२८६. ए३२० ला एटीआरच्या बरोबरीला यायचं तर दीडशे माणसं लागतात, आणि तीही त्याच दरात. ती वरची ऐंशी माणसं कुठून आणायची? आज ट्रॅव्हल्सच्या बसने किंवा रेल्वेने जाणाऱ्यांना स्वस्त तिकीट दाखवून. मग त्याच स्वस्त तिकिटावर तुम्हीही बसणार, कारण तुम्हीही तेच पोर्टल उघडणार. तुमचे डोळे पांढरे होतात, नेमकी तिथेच कंपनीची कमाई आहे. भरलेलं विमान पाहून प्रवाशाला वाटतं मोठं हवं. प्लॅनिंगवाल्याला वाटतं, दर बरोबर बसला.

वडाप भरेपर्यंत थांबतं, विमानाला थांबता येत नाही. म्हणून सरासरीचाही भरवसा धरता येत नाही. एखाद्या रूटची सरासरी मागणी १२० आली, की नवखा माणूस म्हणतो १२० सीट द्या. पण सोमवारी सकाळी १९० येतात आणि बुधवारी दुपारी ६५. १२० चं दिलं तर सोमवारची सत्तर माणसं दुसऱ्या कंपनीकडे जातात, आणि सोमवारची माणसं म्हणजे जास्त पैसे देणारी. १९० चं दिलं तर बुधवारी ओळीच्या ओळी रिकाम्या. परत गेलेल्या माणसांना आम्ही "स्पिल" म्हणायचो. किती स्पिल सोसायचं यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झाली तेवढी पगारवाढीवरही झाली नसतील.

पुणे-दिल्लीचं उत्तरही यातच आहे. ४०० सीटची दोन विमानं लावलीत, तर ज्याची मीटिंग दुपारी तीनला संपते तो संध्याकाळच्या विमानाची वाट बघत बसणार नाही. समोरच्या कंपनीचं पाचचं विमान आहे. कामासाठी फिरणारा माणूस वेळ विकत घेतो, आणि वेळ असते फेऱ्यांच्या संख्येत. म्हणून जिथे दोन-तीन कंपन्या झगडतात तिथे कुणीच मोठं विमान आणून फेऱ्या कमी करायला धजत नाही. फेऱ्या कमी केल्या की गिऱ्हाईक गेलंच, आणि भाव देणारं आधी जातं.

शिवाय पायलट. ए३१९, ए३२०, ए३२१ ही एकाच घरची, एकच रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलचा परवाना, असलेला पायलट तिन्ही उडवतो. त्यामुळे संध्याकाळी बुकिंग बघून उद्या सकाळच्या फेरीला १८६ च्या जागी २३२ लावता येतं. तुम्हाला "तुमची सीट बदलली आहे" असा मेसेज येतो तो बऱ्याचदा यामुळे. एटीआरचं रेटिंग वेगळं, पायलट वेगळे, इंजिनियर वेगळे, सुटे भाग वेगळे. एकाच्या जागी दुसरं असं रातोरात होत नाही.

मुंबईचं प्रकरण आणखी वेगळं आहे. पण भाजी टाकायचीय, ते नंतर.

परुळ्याचो

ट्रिमशीटताई, सगळा वाचलंय, झकास. पण आमचा काय? आमच्या सिंधुदुर्गातल्या चिपीक २,५०० मीटरची धावपट्टी आसा. ९ ऑक्टोबर २०२१ क मुंबय-चिपी सुरू झाला तेव्हा इला ता ७० सीटचा एटीआरच. गणपतीत मुंबयसून येवक माणसा रेल्वेत उभी ऱ्हवतत, आणि हयसर सत्तर सीट.

ट्रिमशीट

परुळ्याचो, मी हाच प्रश्न येईल म्हणून वाट बघत होते.

धावपट्टी हा दरवाजा झाला. तो मोठा आहे म्हणून मोठंच माणूस आत येईल असं नाही. चिपीला एटीआर येण्यामागे कायदे आणि कर आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

पहिलं म्हणजे उडान योजना. तासाभराच्या उड्डाणाला अडीच हजारांचं तिकीट, आणि खर्चातली तूट सरकार भरणार. पण ही सवलत सगळ्या सीटवर नाही. विमानाच्या निम्म्या सीट सवलतीच्या, आणि त्याही जास्तीत जास्त ४०. आता करा हिशोब. सत्तर सीटचं विमान आणलं तर ३५ सीटना आधार मिळाला, म्हणजे निम्मं विमान सुटलं. १८६ चं आणलं तर आधार ४० लाच, उरलेल्या १४६ स्वतःच्या हिमतीवर विका. योजना लिहिणाऱ्यांनी एटीआरचं नाव कुठे लिहिलं नाही, पण माप त्याचंच घेतलंय.

दुसरं, लँडिंग चार्ज. देशांतर्गत शेड्यूल्ड सेवेतलं विमान ८० पेक्षा कमी सीटचं असेल तर त्याला लँडिंग चार्ज माफ आहे. एटीआर ७२ मध्ये दाटीवाटीने ७८ बसतात, ८० च्या खालीच.

तिसरं, इंधनावरचा कर. विमानाच्या इंधनावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. मुंबई-पुण्याला तो २५ टक्के होता, २०२३ च्या अर्थसंकल्पात १८ वर आणला. पण ४० टनांपेक्षा कमी वजनाच्या विमानाला शेड्यूल्ड कंपनी इंधन भरत असेल तर केंद्राच्या कायद्याने कर पाच टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. एटीआर ७२ चं जास्तीत जास्त वजन २३ टन. ए३२० निओचं ७९ टन. छोट्या विमानाचं अर्धं पोट या तीन सवलतींवर भरतं.

आणि अग्निशमन. हे विमानतळाबाहेर कुणाच्या डोक्यात येत नाही. विमानतळावर आगीच्या बंबांची श्रेणी असते आणि ती ठरते तिथे येणाऱ्या विमानाच्या लांबी-रुंदीवरून. एटीआर ७२ ला पाचवी पुरते. ए३२० ला सहावी लागते, ए३२१ लांब आहे म्हणून सातवी. श्रेणी वाढली की पाणी आणि फोम वाढतो, गाड्या वाढतात, त्यांच्यावरची माणसं वाढतात, आणि हे सगळं विमान उतरतं-उडतं त्या वेळेला सज्ज हवं. दिवसातून एक विमान येणार असेल तर हा खर्च कुणी करायचा यावर फायली फिरतात.

गणपतीचं म्हणाल तर, गर्दी आठ-दहा दिवसांची आणि एका बाजूची. जाताना विमान फुल, त्याच संध्याकाळी परतताना रिकामं. विसर्जनानंतर बरोबर उलटं. रेल्वे जादा गाडी सोडते, ती रिकामी परतली तरी चालतं. विमान कंपनीला जाणाऱ्याकडून दोन्ही बाजूंचे पैसे घ्यावे लागतात. मग तुम्हीच पोस्ट टाकता, गणपतीत लूट म्हणून.

उजळाईवाडीकर

ताई, कायदेशीर बाजू पहिल्यांदाच कळली. आता भाजी झाली असेल तर मुंबईचं सांगा. दुबईचं राहिलंय.

ट्रिमशीट

झाली. तोंडली.

मुंबई विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत आणि त्या एकमेकींना कापतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरायची. त्या एका पट्टीवरून दिवसाला हजाराच्या आसपास उतरणं-उडणं होतं, जगात कमी ठिकाणी होत असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर गर्दीच्या तासाला ४६ ऐवजी ४४ वर आणा असा आदेश निघाला, कारण विमानं वरच्यावर घिरट्या घालत होती.

इथे सीटची किंमत गौण. किंमत आहे स्लॉटची, म्हणजे उतरायच्या-उडायच्या ठरवून मिळालेल्या वेळेची. सकाळी साडेआठचा एक स्लॉट तुम्ही ७८ माणसांना दिलात काय आणि २३२ ना दिलात काय, पट्टी सारखाच वेळ अडते. खरं तर एटीआर जास्तच अडवतं. उतरताना त्याचा वेग कमी, मागून येणाऱ्या जेटला मागे ठेवावं लागतं. पुढे ए३८० किंवा ७७७ उतरलं असेल तर त्याच्या मागे हवेचे भोवरे राहतात, त्यात हलकं विमान लगेच सोडता येत नाही, आणखी अंतर ठेवायचं. आणि वर लँडिंग चार्ज माफ! विमानतळवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कोल्हापूर, जळगाव, नांदेड, सगळ्यांचं रडगाणं एकच: विमान मिळतं, मुंबईचा चांगला स्लॉट मिळत नाही. तुम्हाला हैदराबाद-बंगळूर सहज मिळतात त्याचं हेही एक कारण आहे.

दुबई. दोन देशांमध्ये करार असतो, कुणी किती क्षमता लावायची त्याचा. भारत-दुबईचा कोटा आठवड्याला साधारण ६६,००० सीटचा, दर बाजूला. फेऱ्यांचा नाही, सीटचा. तो कित्येक वर्षं वाढलेला नाही. तिथल्या कंपनीला मुंबईत हवे तेवढे स्लॉट मिळत नाहीत, मग कोट्यातल्या सीट थोड्या फेऱ्यांत बसवायच्या तर पाचशे सीटचं दुमजलीच बरं. आणि त्या विमानातले सगळे दुबईला उतरत नाहीत. दादरचं कुटुंब टोरंटोला चाललंय, भांडुपचा मुलगा मँचेस्टरला. दुबईला शे-दीडशे ठिकाणची माणसं एकाच वेळी आणून पुन्हा वाटायची, असा तो धंदा आहे. तुमच्या भाच्याचं लंडन थेट. त्यात बहुतेक लंडनचेच, आणि त्याच शहराला तीन-चार कंपन्या वेगवेगळ्या वेळेला नेतायत. तिथे २५० सीटचं ७८७ रोज भरणं हेच पुष्कळ झालं.

अंतराचा संबंध आहे, पण तो इंधनाच्या टाकीशी. लांब जायला लांब पल्ल्याचं विमान लागतं आणि ती बहुतेक जाडजूड असतात. उलटं खरं नाही. जाडजूड विमानाला जवळ जायला कुणी मनाई केलेली नाही.

योकोहामाकर

याचा पुरावा आमच्याकडे बघा. टोकियोच्या हानेदा विमानतळावरून सापोरो साधारण ८०० किलोमीटर, दीड तास. मुंबई-दिल्लीपेक्षा कमी अंतर. इथे पूर्वी ७४७ जंबो चालायचं, खास देशांतर्गत मापाचं, ५६० च्या वर सीट. बोइंगने जपानसाठी ७४७ ची वेगळी आवृत्ती काढली होती, दिवसात अनेक वेळा उतरून-उडून चाके आणि सांगाडा झिजू नये म्हणून मजबूत केलेली. २०१९ च्या सप्टेंबरपासून जपान एअरलाइन्सने देशांतर्गत ए३५० आणलं, ३६९ सीटचं, आणि पहिला रूट हानेदा-फुकुओका. २ जानेवारी २०२४ ला हानेदाला जे विमान पेटलं आणि त्यातले सगळे प्रवासी वाचले, ते सापोरोहून आलेलं ए३५० होतं, ३६७ प्रवासी. दीड तासाच्या प्रवासाला!

इथे शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, असूनही हे. सापोरोपर्यंत ती अजून पोचलेली नाही, हेही खरं.

नळस्टॉप

आमचा तो "सोपं आहे" परत घेत नाही, फक्त दुरुस्त करतो: जिथे स्लॉट कमी तिथे मोठं. आता बरोबर?

ट्रिमशीट

योकोहामाकर, अगदी हेच. हानेदाला जागा मिळत नाही, म्हणून मिळालेल्या जागेत जास्तीत जास्त माणसं.

नळस्टॉप, अजून नाही. तुमच्या दोन्ही नियमांना मोडणारं गाव सांगते. लेह.

जूनमध्ये लेहला जायला झुंबड असते. म्हणजे गर्दीच्या नियमाने मोठं विमान हवं. आणि तिथे सकाळचेच काही तास विमानं चालतात, दुपारी वारा उठतो, म्हणजे स्लॉटच्या नियमानेही मोठं हवं. तरी तिथे वर्षानुवर्षं ए३१९ चा मान होता, जे ए३२० पेक्षा लांबीला कमी आणि सीटही कमी.

लेहचा विमानतळ ३,२५६ मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, इंजिनाला दम कमी, पंखांना आधार कमी. त्यात उठताना एक इंजिन गेलं तरी उरलेल्या एकावर डोंगर टाळून वर जाता आलं पाहिजे, एवढंच वजन घ्यायचं. लोड कंट्रोलला असताना एका उन्हाळ्यात लेहच्या लोडशीट माझ्याकडे होत्या. सकाळी सातला आकडा मिळायचा, तेवढी माणसं बसवायची. विमान दिल्लीहून उशिरा निघालं की माझ्या पोटात गोळा. नऊ वाजता तापमान चार अंशांनी वर गेलेलं असायचं आणि तक्त्यात परवानगीचं वजन खाली. मग तिथल्या काउंटरवरून फोन: मॅडम, किती उतरवू? आधी कार्गो, मग बॅगा. सुट्टीवर निघालेल्या जवानांच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका, त्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, त्या उद्याच्या विमानाने येणार. त्यानेही भागलं नाही तर सीट रिकाम्या ठेवायच्या, आणि बाहेर वेटिंग लिस्टवर माणसं उभी. त्या माणसांना कसं समजावणार की सीट आहे पण हवा नाही?

ए३१९ चं अंग हलकं आणि इंजिन त्या मानाने तगडं, म्हणून ते तिथे चालायचं. आता नव्या इंजिनांचं ए३२० निओही जातं, पण उन्हाळ्यात परतीला हात आखडताच.

आणि कधी कधी तर यातलं काहीच कारण नसतं. जानेवारी २०२४ मध्ये एअर इंडियाचं नवंकोरं ए३५०, ३१६ सीटचं, लंडन-न्यूयॉर्कला जायच्या लायकीचं, आधी बंगळूर-मुंबईसारख्या देशांतर्गत फेऱ्यांना लावलं. लोक फोटो काढत होते, आमच्यासाठी काय विमान आणलंय म्हणून. लांबच्या एका फेरीत एकदाच उडणं आणि एकदाच उतरणं होतं. जवळच्या फेऱ्यांत दिवसाला चार वेळा. नव्या विमानावर पायलट आणि क्रूचा हात बसवायला तेच सोयीचं. तुम्ही पैसे देऊन त्यांच्या सरावाला बसला होतात, असं म्हणा. जेवण मात्र चांगलं होतं म्हणे.

उजळाईवाडीकर

बास, आता शेवटचं विचारतो. कोल्हापूरला मोठं कधी? आणि मध्ये ते एम्ब्रेयर पण येतंय, जेट. ते काय गणित?

ट्रिमशीट

एम्ब्रेयर १७५ मध्ये ७६ सीट आहेत, १२ पुढच्या वर्गातल्या. एटीआरएवढीच माणसं, पण वेग जेटचा. मुंबईसारख्या जवळच्या फेरीला त्याचा फारसा उपयोग नाही, जेट वर चढून सरळ होईपर्यंत उतरायची वेळ होते, दहा-बारा मिनिटं वाचतात. इंधन मात्र जास्त खातं. त्याचा खरा फायदा लांब जाताना. कोल्हापूरहून थेट दिल्ली करायची आणि १८० माणसं रोज मिळत नाहीत, तिथे ते कामाचं. शिवाय १२ जण पुढच्या सीटचे पैसे देतात. तुमच्या फौंड्रीवाल्यांच्या भरवशावरच तो हिशोब आहे.

मोठ्याचं म्हणाल तर धावपट्टी आधी १,३७० मीटर होती, ती १,९३० केली. एटीआरला भरपूर. ए३२० तेवढ्यात उतरेल, पण कोल्हापूर सहाशे मीटर उंचीवर आहे, एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण वजनानिशी उठायला ती तोकडी. पुढचा टप्पा २,३०० चा आहे. तो झाल्यावर अग्निशमनाची श्रेणी वाढली का ते बघा. या दोन्ही बातम्या पेपरात आतल्या पानावर येतात, उद्घाटनाच्या फोटोपेक्षा त्यांच्यावर लक्ष ठेवा.

तिसरं, तुमच्या सध्याच्या एटीआरच्या दुसऱ्या फेरीकडे बघा. कुठलीही शहाणी कंपनी ७८ वरून एकदम १८६ वर जात नाही. आधी दुसरी फेरी टाकते, वेळ बदलून. ती दुसरीही चढ्या दराने भरू लागली, की मग तिच्या प्लॅनिंगमधलं कुणीतरी म्हणतं, दोन एटीआर काढून एक ए३२० टाकू का? आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, नको, सकाळ-संध्याकाळ जाईल. मी त्या दुसऱ्यांपैकी होते. तुम्ही हैदराबादला सकाळी जाऊन रात्री परत येता की मुक्काम करता? सकाळी जाऊन परत येणारे जास्त असतील तर मोठं विमान मागूच नका, दुसरी फेरी मागा.

मुंबईसाठी मात्र नवी मुंबईवर डोळा ठेवा. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडायला लागलीत, तिथे स्लॉटची मारामारी अजून सहारसारखी नाही. वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कोल्हापूर चेंबरवाल्यांनी निवेदन द्यायचं असेल तर ते त्याच्या पाच-सहा महिने आधी द्यावं. ऑक्टोबरात हार घेऊन गेलात तर विमानं वाटून झालेली असतात.

उजळाईवाडीकर

सकाळी जाऊन रात्री परत, ताई. मुक्काम परवडत नाही, रात्रपाळीला मीच लागतो. उद्याच चेंबरच्या ग्रुपवर टाकतो हे. दुसऱ्या फेरीचंच.

परुळ्याचो

आणि आमका गणपतीत?

ट्रिमशीट

तुमका तुतारी एक्स्प्रेस. आत्ताच बुक करा.